काळवीट, रोही की रानडुक्कर? शिवारात शिरलेलं जनावर मारता येतं का?

मृगाचा पाऊस पडतो, पेरणी होते आणि सोयाबीनला दोन-चार पानं फुटली की परभणी जिल्ह्यातल्या माळरानाकडेच्या शेतांत राखण सुरू होते. कोवळ्या रोपांवर हरणांचे कळप उतरतात. पुढे दाणा भरल्यावर रानडुकरं येतात आणि रब्बीत हरभऱ्यात रोही शिरतात. गंगाखेड तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगररांगांमधलं आणि रेणुकादेवीच्या मंदिरासाठी ओळखलं जाणारं राणीसावरगाव याच कोरडवाहू पट्ट्यात येतं. इथे एकदा मोडलेली पेरणी पुन्हा करायची म्हणजे बियाणं, खत आणि मजुरी असा तिहेरी खर्च. शिवाय उशिरा पेरलेलं पीक परतीच्या पावसात सापडण्याची भीती वेगळीच.

अशा वेळी पारावर एक प्रश्न हमखास निघतो. पीक खाणारं जनावर मारलं तर काय होतं? त्यातच मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकारीचे व्हीडिओ दिसतात. नारिंगी जाकीट घातलेली माणसं सरकारी जमिनीवर, सरकारच्याच परवानगीने हरीण मारतात आणि मांस घरी नेतात. तिकडे हे चालतं, मग इथे स्वतःच्या शेतात का चालत नाही?

थोडक्यात उत्तर असं: काळवीट मारण्याची परवानगी पीक खाल्लं म्हणून मिळू शकत नाही. रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी लेखी परवानगी मिळू शकते, पण तिच्याशिवाय मारलं तर तो गुन्हाच. नुकसानभरपाई मात्र तिन्ही जनावरांसाठी मागता येते. हे असं का आहे आणि कोणत्या जनावरासाठी कोणता कागद लागतो, ते पाहू.

हरीण म्हणजे नेमकं कोण?

मराठवाड्यात ‘हरीण’ म्हटलं की बहुतेक वेळा डोळ्यांसमोर येतं ते काळवीट. मोठा नर वरून काळपट, पोटाखाली पांढरा, डोक्यावर पिळदार शिंगं. मादी आणि पिल्लं बदामी रंगाची, आणि मादीला सहसा शिंगं नसतात. त्याच माळरानावर कधीकधी त्याहून लहान आणि सडपातळ चिंकाराही दिसतो.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने काळवीट हे खरं हरीण नाहीच. चितळ, सांबर ही खरी हरणं. त्यांची शिंगं फांद्यांसारखी फुटतात, गळतात आणि पुन्हा येतात. काळविटाची शिंगं एकदा आली की आयुष्यभर टिकतात आणि त्यांना फांद्या नसतात. जुन्या मराठीत या दोन गटांसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत: फांद्यांच्या शिंगांचं ते सारंग आणि साध्या शिंगांचं ते कुरंग. राज्य सरकारच्या पीक नुकसानभरपाईच्या निर्णयांत आजही ‘हरिण (सारंग व कुरंग)’ असाच उल्लेख असतो.

रोही, म्हणजे नीलगाय, हीसुद्धा कुरंगच. पण आकाराने घोड्याएवढी. नर निळसर राखाडी आणि दोनशे किलोंच्या पुढे जाऊ शकणारा, मादी तपकिरी. लांबून, अंधारात, बॅटरीच्या उजेडात रोहीची मादी किंवा वासरू आणि काळविटाची मादी यांच्यात गफलत होऊ शकते. कायद्यात मात्र या दोघींमध्ये फार मोठं अंतर आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये प्राण्यांच्या अनुसूची, म्हणजे याद्या आहेत. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर सहाच्या जागी चार अनुसूची राहिल्या. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांना सर्वांत कडक संरक्षण असतं. वाघ आणि माळढोक जिथे आहेत, त्याच यादीत काळवीट आणि चिंकारा आहेत. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येतात. शेतकऱ्याला काय करता येईल आणि काय नाही, याचा बराचसा निकाल या दोन याद्यांवरच लागतो.

अमेरिकेतली शिकार खरंच मोकळी आहे का?

व्हीडिओत दिसतो तो शेवटचा एक मिनिट. त्याच्या मागे साधारण वर्षभराची कागदपत्रं आणि तयारी असते. अमेरिकेच्या पश्चिम भागात आढळणाऱ्या म्यूल डिअर या हरणाचं उदाहरण घेऊ. म्यूल म्हणजे खेचर. या हरणाचे कान खेचरासारखे मोठे असतात, म्हणून हे नाव. शेपटीचं टोक काळं असतं आणि शिंगांना फांद्या असतात, म्हणजे आपल्या शब्दांत हे सारंग.

कोलोरॅडो राज्यात पहिल्यांदा या हरणाच्या शिकारीला जायचं ठरवणाऱ्या माणसाला आधी जागा निवडावी लागते. राज्याचे शिकारीसाठी अनेक विभाग पाडलेले आहेत. प्रत्येक विभागात त्या वर्षी किती नर, किती माद्या मारू द्यायच्या, हे राज्याचं वन्यजीव खातं कळपांची पाहणी करून ठरवतं. तेवढेच परवाने निघतात. तिथे हरणाचे सगळे परवाने सोडतीने दिले जातात. अर्जाची मुदत साधारण एप्रिलच्या सुरुवातीला संपते आणि शिकारीचा हंगाम शरद ऋतूत असतो. नंबर लागला नाही तर अर्जदाराला एक गुण मिळतो. पुढच्या वर्षी जास्त गुण असलेल्याला आधी संधी मिळते. चांगल्या विभागांसाठी लोक वर्षानुवर्षं गुण साठवतात. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला स्थानिकाच्या कितीतरी पट शुल्क भरावं लागतं.

१ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण घेतल्याचा दाखला दाखवावा लागतो. बंदुकीच्या हंगामात अंगावर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड हवं, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला समोर माणूस आहे हे कळतं. मग प्रश्न जमिनीचा. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन विभागाकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर आणि वनसेवेकडे सुमारे एकोणीस कोटी एकर जमीन आहे. दोन्ही मिळून महाराष्ट्राच्या साडेपाच पटींहून जास्त. यातल्या बहुतेक जमिनीवर सामान्य माणूस परवाना घेऊन शिकार करू शकतो. पण या सरकारी जमिनींच्या मधे खासगी जमिनी असतात. त्यामुळे नवख्या शिकाऱ्याचा बराच वेळ नकाशावर हद्दी शोधण्यात जातो. चुकून खासगी जमिनीत पाऊल पडलं तर दंड होतो.

हंगाम सुरू होण्याआधी लोक डोंगरात जाऊन दुर्बिणीने कळप हेरतात, आठ-दहा हजार फुटांवरच्या चढणीची सवय करतात, बर्फ पडला तर काय करायचं ते ठरवतात. हरीण मारल्यावर परवान्याची चिठ्ठी त्याच जागी मृत जनावराला बांधावी लागते. खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं गुन्हा आहे. शंभर किलोच्या आसपासचं जनावर कापून, पाठीवर लादून गाडीपर्यंत आणायचं असतं. काही विभागांत डोक्याचा नमुना तपासणीसाठी द्यावा लागतो, कारण हरणांचा मेंदू पोखरणारा एक प्राणघातक रोग तिथे पसरलेला आहे. तो पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोरॅडोतच लक्षात आला होता.

ही व्यवस्था पस्तावण्यातून उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने अमेरिकेतली हरणं, रानगवे आणि पक्षी संपत आले होते. त्यानंतर एक तत्त्व पक्कं झालं: वन्यप्राणी जमीनमालकाचे नाहीत, शिकाऱ्याचेही नाहीत. ते सगळ्यांचे, आणि राज्याने विश्वस्त म्हणून सांभाळायचे. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर बसवलेला कर वन्यजीवांच्या कामाला जाऊ लागला. परवान्याचे पैसेही त्याच कामाला जातात. कोलोरॅडोत हरणांनी पीक खाल्लं तर राज्य भरपाई देतं, पण ज्या शेतकऱ्याने शिकाऱ्यांना आपल्या जमिनीवर अवाजवी अडवलं असेल त्याला ती मिळत नाही. म्हणजे शिकार, पैसा आणि शेतकऱ्याची भरपाई या तीन गोष्टी तिथे एकमेकींना बांधलेल्या आहेत.

भारतात असे परवाने कधी होते का?

होते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा भारतभरच्या संस्थानांत आणि ब्रिटिश मुलखात शिकार हा राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा मोठा शौक होता. काळविटांमागे पाळीव चित्ते सोडण्याची प्रथाही होती. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं.

शिकार हा पोटाचा धंदा असलेलेही लोक होते. पारधी समाजातल्या फासेपारधी, गायपारधी, चित्तापारधी या नावांतच त्यांची शिकारीची पद्धत सांगितलेली आहे. फास लावणारे ते फासेपारधी. गाईच्या आडोशाने हरणाजवळ सरकणारे ते गायपारधी. शेतकऱ्यांसाठी रानातलं जनावर आवरणारी ही माणसं होती. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत ब्रिटिशांनी अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, तरी संशय पूर्ण गेला नाही. पुढे शिकारबंदी आली तेव्हा राजांचा शौक गेला, पारध्यांची रोजीरोटी गेली.

१९७२ चा कायदा आला तेव्हाही त्यात शिकारीचे परवाने होतेच. मोठी शिकार, लहान शिकार, विशेष शिकार आणि सापळा लावून प्राणी पकडणं, अशा वेगवेगळ्या प्रकारचे परवाने कायद्यात लिहिलेले होते. १९९१ च्या दुरुस्तीने हे सगळे परवाने काढून टाकले. तेव्हापासून भारतात हौस म्हणून किंवा मांसासाठी वन्यप्राण्याची शिकार करण्याचा कायदेशीर मार्ग उरलेला नाही.

यामागे जमिनीचा फरकही आहे. राणीसावरगावच्या भोवती अमेरिकेसारखी कोट्यवधी एकर मोकळी सरकारी जमीन नाही. परभणी हा राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. काळविटाला दाट जंगल लागतही नाही. त्याला लागतं गवताळ माळरान. हे माळरान म्हणजे गावांची गायरानं, पडीक जमिनी, डोंगरउतारावरचे तुकडे. ती बरीचशी नांगराखाली गेली, काही ठिकाणी झाडं लावून बंद झाली. काळविटांसाठी राखलेली अभयारण्यं छोटी आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातलं रेहेकुरी अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं आहे. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ सुमारे १८ चौरस किलोमीटरचं. बाकीची काळविटं खासगी शेतांवरच जगतात. कायद्याने ती सरकारची आहेत, पोटाने ती शेतकऱ्याची.

कायदा ‘शिकार’ कशाला म्हणतो?

बंदूक चालवली तरच शिकार, असा अनेकांचा समज असतो. कायद्याची व्याख्या बरीच रुंद आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फास किंवा जाळं लावणं, शिकारीसाठी पाठलाग करणं किंवा हाकून आणणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीत येतं. म्हणजे बांधावर लावलेला तारेचा फास रिकामा राहिला तरी गुन्हा घडलेला असतो. रानडुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब काळविटाने खाल्ला, तर ‘मला डुक्कर मारायचं होतं’ हा बचाव उपयोगी पडणं अवघड.

शिक्षाही दोन याद्यांप्रमाणे वेगळी आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. इतर बहुतेक गुन्ह्यांत ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काळविटाची शिकार किती महागात पडू शकते, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे अभिनेता सलमान खानवरचा खटला. राजस्थानातल्या कांकाणी गावाजवळची १९९८ ची ही घटना. जोधपूरच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, त्याला ५ वर्षांची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध अपील झालं. मोठा वकील परवडणाऱ्या माणसाची दोन दशकं न्यायालयात गेली. चार एकर कोरडवाहू शेतीवाल्याला एक खटलाही घराबाहेर काढू शकतो.

हल्ला झाला तर? स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी, प्रामाणिक हेतूने वन्यप्राण्याला मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही, असं कायदा सांगतो. अट एवढीच की, तो माणूस त्या वेळी स्वतः कायदा मोडत नसावा. ही सूट जिवासाठी आहे, पिकासाठी नाही.

रोही आणि रानडुकरासाठी परवानगी कशी मिळते?

कायद्याच्या कलम ११ मध्ये दोन वेगळे दरवाजे आहेत. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी किंवा आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. त्यातही आधी पकडता येतं का ते पाहावं लागतं. पिकाचं नुकसान हे कारण इथे नाहीच. म्हणून काळविटासाठी कितीही अर्ज केले तरी अधिकारी हो म्हणू शकत नाही. तसा अधिकारच त्याच्याकडे नाही.

दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी मात्र माणसाच्या जिवाबरोबरच ‘मालमत्ता’ हा शब्द आहे आणि त्यात उभं पीक स्पष्टपणे धरलेलं आहे. रोही आणि रानडुक्कर यांचा मार्ग इथून जातो. महाराष्ट्राने या दोन प्राण्यांसाठी परवानगी देण्याचे अधिकार खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत आणले आहेत. त्यामुळे शेतकऱ्याने आपल्या भागातल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज करायचा असतो. सरकारी कागदात याला ‘पारध’ म्हणतात.

या परवानगीबाबत तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, परवानगी लेखी हवी. फोनवरचा होकार किंवा ‘साहेब बोलले होते’ याला काही अर्थ नाही. कागदावर कोणतं जनावर, कोणतं शेत आणि कोणत्या अटी लिहिल्या आहेत, ते वाचून घ्यायचं. एका शेताच्या परवानगीवर दुसऱ्या शिवारात जाता येत नाही.

दुसरी, हत्यार. वनखात्याची परवानगी म्हणजे बंदुकीचा परवाना नव्हे. तो १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा घ्यावा लागतो. या कायद्यात खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, पण असे परवाने आज फार थोड्या शेतकऱ्यांकडे असतात. फास, विष, विजेची तार किंवा गावठी बॉम्ब वापरायची मुभा या परवानगीतून मिळते, असं समजून चालणं धोक्याचं आहे.

तिसरी, मेलेलं जनावर. परवानगीने मारलेला वन्यप्राणीसुद्धा राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. म्हणून घटना लगेच वनखात्याला कळवायची, पंचनामा होऊ द्यायचा. मांस वाटून घेतलं की परवानगी हातात असूनही नवा गुन्हा घडतो. अमेरिकेतला शिकारी मांस टाकून देतो तेव्हा गुन्हेगार ठरतो, इथला शेतकरी ते घरी नेतो तेव्हा.

आणखी एक मार्ग केंद्र सरकारच्या हातात आहे. एखाद्या भागापुरता आणि ठरावीक काळापुरता दुसऱ्या यादीतल्या प्राण्याला उपद्रवी जाहीर करता येतं. तेवढ्या काळात त्याचं संरक्षण निघून जातं. २०१५ आणि २०१६ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकडं अशी जाहीर झाली होती. बिहारमध्ये रोही मारण्यासाठी बाहेरून नेमबाज बोलावले गेले आणि त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्येच उघड वाद झाला. पहिल्या यादीतल्या काळविटाला मात्र हाही मार्ग लागू नाही.

नुकसानभरपाई कशी मागायची?

राणीसावरगावसारख्या गावात बहुतेक शेतकऱ्यांच्या उपयोगाचा मार्ग हाच आहे. काळवीट, रोही, रानडुक्कर, माकड यांनी केलेल्या पीक नुकसानीला राज्य सरकार भरपाई देतं. भरपाईला वरची मर्यादा आहे आणि तिचे दर सरकार वेळोवेळी बदलतं. त्यामुळे चालू दर वनपरिक्षेत्र कार्यालयातच विचारावेत.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे तक्रार द्यायची असते. त्यानंतर वनखातं, महसूल किंवा ग्रामपंचायत आणि कृषी खातं यांची माणसं मिळून जागेवर पंचनामा करतात. अनेक दावे बारगळतात ते इथेच. शेतकरी आठ दिवसांनी तालुक्याला जातो तोवर पाऊस होऊन खुरांचे ठसे पुसलेले असतात, किंवा त्याने दुबार पेरणी करून टाकलेली असते.

म्हणून सकाळी नुकसान दिसलं की करायच्या गोष्टी अशा:

– रोपं उपटण्याआधी, नांगर किंवा तिफण घालण्याआधी फोटो आणि व्हीडिओ काढा. त्यात बांध, विहीर, झाड अशी ओळखीची खूण येऊ द्या.

– जनावर कोणतं ते ठरवा. शेंडे खुडलेले आणि लहान टोकदार खुरं असतील तर काळवीट. मोठी खुरं आणि फांद्या मोडलेल्या असतील तर रोही. जमीन उकरलेली असेल तर रानडुक्कर. काळवीट बहुतेक दिवसा चरतं, रानडुक्कर रात्री येतं, हेही लक्षात घ्या.

– किती गुंठ्यांचं पीक गेलं, याचा अंदाज शेजारच्या दोन शेतकऱ्यांसमोर घ्या.

– तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती जोडा. त्या वर्षीचा पीकपेरा सातबाऱ्यावर लागलेला आहे का, ते आधीच पाहून ठेवा. कागदावर शेत पडीक असेल तर भरपाई अडते.

– कोणाशी संपर्क साधायचा ते कळत नसेल तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

भरपाईला अटीही आहेत. वनजमिनीवर अतिक्रमण करून घेतलेल्या पिकाला ती मिळत नाही. वन किंवा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा असलेल्यालाही ती नाकारली जाऊ शकते. म्हणजे एका फासाने काळवीटही जातं आणि भरपाईचा हक्कही.

कुंपणाला वीज सोडली तर?

झटका मशीन आणि थेट वीज यांतला फरक जिवावर बेतणारा आहे. सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणारं झटका मशीन तारेत क्षणभराचे झटके सोडतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. याउलट खांबावरून आकडा टाकून २३० व्होल्टची वीज तारेत सोडली की त्या तारेला रोहीही चिकटतं, शेजाऱ्याची म्हैसही आणि पहाटे मोटार सुरू करायला निघालेला माणूसही. राज्यात अशा तारांनी शेतकऱ्यांचे, मुलांचे जीव गेले आहेत. त्यात वीजचोरीचा गुन्हा वेगळा, वन्यजीव कायद्याचा वेगळा आणि माणूस मेला तर मनुष्यवधाचा वेगळा.

झटका मशीनही एकट्याने बसवलं तर कळप शेजारच्या शेतात जातो. काळवीट तर उंच उडी मारून तार ओलांडू शकतं. त्यामुळे गटाने एकसलग कुंपण घालणं आणि पेरणीनंतरचे पहिले काही आठवडे पाळीपाळीने राखण करणं जास्त उपयोगी पडतं. कळपाचा जास्त त्रास त्याच दिवसांत होतो.

मग शेतकऱ्याचं म्हणणं चुकीचं आहे का?

नाही. अमेरिकेत आणि भारतात एक गोष्ट सारखी आहे: वन्यप्राणी जमीनमालकाचा नाही, राज्याचा आहे. फरक आहे तो खर्च कोण उचलतं यात. तिकडे शिकारी परवान्याचे पैसे भरतो, त्यातून कळपांची मोजणी होते, संख्या आटोक्यात ठेवली जाते आणि काही राज्यांत शेतकऱ्याला भरपाईही मिळते. इथे शिकार बंद झाली, ती व्हायलाच हवी होती, कारण काळवीट संपण्याच्या वाटेवर होतं. पण जनावराला पोसण्याचा भार माळाकडेच्या शेतकऱ्यावर राहिला आणि त्याच्या हातात आली ती तीन दिवसांची मुदत आणि एक अर्ज.

शिकारीचे परवाने परत आणणं हे परभणीसारख्या जिल्ह्यात उत्तर ठरणं कठीण आहे. तिथे मैलोगणती माणूस नसलेली सरकारी जमीन आहे. इथे प्रत्येक बांधापलीकडे कुणीतरी खुरपत असतं. काळविटाला मोकळं माळरान मिळालं तर त्याचं शेतात येणं कमी होऊ शकतं, आणि हे माळरान म्हणजे गावाचं गायरान. गायरानावर चारा राखायचा की ते तुकड्यातुकड्याने नांगराखाली जाऊ द्यायचं, हा निर्णय बराचसा ग्रामसभेच्या हातात असतो.

येत्या पेरणीआधी करण्यासारखी कामं फार नाहीत. आपल्या भागाचं वनपरिक्षेत्र कार्यालय कोणतं आणि वनरक्षक कोण, ते विचारून त्याचा नंबर लिहून ठेवावा. पीकपेरा वेळेत लावावा. रोही किंवा रानडुकराचा दरवर्षीचा त्रास असेल तर पारधीच्या परवानगीचा अर्ज आधीच समजून घ्यावा. आणि कळप काळविटांचा असेल, तर हातात दगड किंवा फास घेण्याऐवजी मोबाईल घ्यावा, फोटो काढावेत आणि तीन दिवस मोजायला सुरुवात करावी.